मुंबईचा हिवाळा आणि कुंड्यांतली बाग : बी पेरण्यापासून भोगीच्या भाजीपर्यंत

कुंडीवाली · २० ऑक्टोबर

मंडळी, पाऊस परतला, ऑक्टोबरची काहिली उतरणीला लागली आणि नर्सरीत शेवंती-झेंडूच्या पिशव्या दिसायला लागल्या. दरवर्षी या सुमारास तेच तेच प्रश्न दहा ठिकाणी विचारले जातात, म्हणून हिवाळ्याच्या कामांसाठी हा एकच धागा काढतेय. रोपं, कुंड्या, बिया, कीड, सगळं इथेच बोलूया.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठासून सांगते. 'हिवाळ्यात झाडांची काळजी' म्हणून जे सल्ले फिरत असतात ते बहुतेक दिल्ली-पंजाबकडचे, नाहीतर थेट परदेशातले. झाडं घरात घ्या, रात्री झाकून ठेवा, खत बंद करा, पाणी निम्म्यावर आणा. आपल्याला त्यातलं फारसं काही लागू नाही. मुंबईत ऐन जानेवारीत रात्री १६-१८ अंश आणि दुपारी ३०-३१ असतात. सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेला नीचांक ७.४ अंश, तोही १९६२ च्या जानेवारीतला. थंडीने रोप करपलं असं आपल्याकडे होत नाही. टोमॅटो, कोबी, पालक, गाजर, पिटुनिया, डायंथस यांना मुंबईत धड जगता येईल असे हेच चार महिने. एरवी पाऊस त्यांना कुजवतो, नाहीतर ऊन भाजून काढतं.

म्हणजे आपला हिवाळा पेरणीचा, आणि तो फार आखूड आहे. मार्च लागला की ३५ अंशांच्या पुढचे दिवस सुरू होतात. तिथून उलटं मोजा. टोमॅटोचं बी रुजून रोप कुंडीत लावण्याजोगं व्हायला २५ ते ३० दिवस, आणि लावल्यापासून पहिलं फळ पिकायला दोन-सव्वादोन महिने. आता बी टाकलं तर जानेवारीच्या शेवटी टोमॅटो हातात येतात आणि फेब्रुवारीभर मिळत राहतात. तेच बी नाताळच्या सुट्टीत टाकलं तर फुलं येतील मार्चमध्ये. रात्रीचं तापमान २१-२२ च्या वर राहायला लागलं की टोमॅटोचं फळ धरणं कमी होतं, फुलं देठापासून गळतात. मग सगळे विचारत बसतात की खत काय घालू. खताचा काही संबंध नसतो, तारीख चुकलेली असते.

म्हणून या धाग्यात काय करायचं इतकंच कधी करायचं हेही लिहा. आणि यंदा एक ठरवूया: संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, भाजीतला निदान एक जिन्नस आपल्या कुंडीतला असावा.

नवी_माळीण · २० ऑक्टोबर

कुंडीवालीताई, खूप धन्यवाद. मी यंदाच सुरुवात करतेय. बोरिवली, चौथा मजला, पूर्वेची बाल्कनी, सकाळी सात ते साडेदहापर्यंत ऊन. पावसाळ्यात तेरडा आणि गवती चहा होता. त्या कुंड्यांतली माती आता इतकी घट्ट झालीय की खुरपं आत शिरत नाही. पाणी घातलं तर कडेकडेने उतरतं आणि लगेच तळातून बाहेर. ही माती टाकून द्यायची का? आणि एवढ्याशा उन्हात काय येईल?

गिरगावकर · २१ ऑक्टोबर

माती अजिबात टाकू नका. आपल्याकडे नर्सरीत गोणीने मिळते ती लाल माती. चार महिने पाऊस वरून आदळला की तिच्यातले बारीक कण खाली बसतात, हवा निघून जाते आणि खताचा कसही वाहून जातो. मातीत वाईट असं काही झालेलं नसतं.

कुंडी आडवी करून सगळी माती बाहेर काढा. ढेकळं हाताने फोडा, जुनी मुळं वेचा. पांढरी, जाड, अर्धगोल वळलेली अळी दिसली तर ती हुमणी, ती मुळं खाते, काढून टाका. माती वर्तमानपत्रावर पसरून तीन-चार दिवस कडक उन्हात वाळू द्या. मग एक भाग ही माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत किंवा घरचं कंपोस्ट. बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. पाणी घालून सावलीत आठवडाभर मुरू द्या आणि मगच रोप लावा, पेंड ताजी असताना मुळांना सोसत नाही.

तळाची भोकं आठवणीने बघा. पावसाळ्यात मुळं आणि गाळ मिळून ती बुजवून टाकतात.

वजनाचाही विचार करा. भिजलेली लाल माती फार जड होते आणि आपल्या जुन्या इमारतींच्या गॅलऱ्या त्यासाठी बांधलेल्या नाहीत. माती कमी आणि कोकोपीट, पालापाचोळा जास्त हे मुंबईला धरून आहे. मुंबईत शहरी शेतीचे प्रयोग करणारे डॉ. आर. टी. दोशी गच्चीवर उसाची चिपाडं वापरून भाजीपाला घ्यायचे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. रसवंतीवाल्याला सांगून ठेवलं तर चिपाडं आनंदाने देतो. ती बारीक तोडून तळाला घाला.

तिसरा_मजला · २१ ऑक्टोबर

उन्हाबद्दल मी लिहितो, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते.

आज जिथे ऊन येतं तिथेच डिसेंबरमध्ये येईल असं धरू नका. मुंबई साधारण १९ अंश अक्षांशावर. मे आणि जुलैत सूर्य डोक्यावरून जातो, तेव्हा कठड्याच्या आत ऊन येतच नाही. २२ डिसेंबरच्या आसपास तो दक्षिणेला इतका कलतो की ऐन माध्यान्हीलाही क्षितिजापासून साडेसत्तेचाळीस अंशांवरच असतो. (आपलं माध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या थोडं पुढे असतं.) त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत पोचतं. वर्षभर रिकामा पडलेला तो आतला कोपरा हिवाळ्यात सगळ्यात मोलाचा. उत्तरेच्या बाल्कनीला मात्र थेट ऊन मिळत नाही, तिथे फळभाजीच्या नादी लागू नका.

दुसरं, समोरची इमारत. या दिवसांत भर दुपारीसुद्धा सावली जवळजवळ वस्तूच्या उंचीएवढी पडते. समोर सात मजली इमारत असेल आणि मधला रस्ता अरुंद असेल तर खालच्या मजल्यांची दक्षिण बाजूही झाकली जाते. सुट्टीच्या दिवशी दर तासाला खडूने उन्हाची कड आखा. महिन्याभराने परत आखा, रेघ किती सरकली ते कळेल.

नवी_माळीण, पूर्वेचं साडेतीन तासांचं ऊन पालेभाजीला पुरतं. पालक, मेथी, कोथिंबीर, लसणाची पात, लेट्यूस बिनधास्त लावा. टोमॅटो, वांगी, मिरचीला पाच-सहा तास तरी हवेत.

बीजवेडा · २३ ऑक्टोबर

आता बिया. हा माझा आवडता भाग आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी हे ठरवा की कशाची रोपं करायची आणि काय थेट कुंडीत पेरायचं. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि बहुतेक हंगामी फुलं यांची रोपं करायची. गाजर, मुळा, बीट, मेथी, पालक, कोथिंबीर, घेवडा, वाल जागेवरच पेरायचे. गाजर-मुळ्याचं रोप उचलून लावलं की मूळ दुभंगतं आणि वेडंवाकडं वाढतं.

रोपांसाठी शेतकरी वापरतात तो ९८ खळग्यांचा ट्रे मिळतो, पण घरी पाच-सहा टोमॅटो हवे असतील तर चहाचे कागदी कप तळाला भोक पाडून वापरा. मिश्रण दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत. साडेसहाशे ग्रॅमची कोकोपीटची वीट भिजून आठ-नऊ लिटर होते, त्यामुळे बादली मोठी घ्या. भिजवल्यावर पिळून पहिलं पाणी ओतून द्या आणि परत एकदा धुवा. नारळाच्या काथ्यात मीठ असतं आणि कोवळ्या मुळांना ते बाधतं.

बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल, त्याहून जास्त नाही. टोमॅटोवर मिश्रणाचा जेमतेम पातळ थर. पिटुनियाचं बी इतकं बारीक की ते झाकायचंच नाही, ओल्या मिश्रणावर टाकून बोटाने नुसतं दाबायचं. वर ओलं कापड किंवा प्लास्टिक ठेवा, पण रोज सकाळी उचलून बघा. टोमॅटो पाचव्या-सहाव्या दिवशी वर येतो. आधी दिसते ती वाकलेली फिकट मान, बियांची साल अजून टोकाला चिकटलेली असते. ती मान दिसली त्याच क्षणी कापड काढायचं आणि ट्रे उजेडात न्यायचा. इथे एक दिवस उशीर झाला तरी रोप उजेड शोधत लांबुडकं वाढतं, आणि असं रोप नाजूक राहतं.

पाणी वरून ओतू नका. ट्रे परातीत ठेवून परातीत पाणी घाला, वरचा थर ओलसर दिसला की ट्रे उचला. रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडायला लागली तर ती मर. ही बुरशी सतत ओल आणि कोंदट हवा असली की येते. गेलेली रोपं आजूबाजूच्या मिश्रणासकट काढा, पाणी एक दिवस थांबवा, ट्रेवर हवा खेळू द्या. पेरतानाच किलोभर मिश्रणाला चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी) घातलं तर हा त्रास बराच टळतो.

खरी पानं (रुजताना आलेली पहिली दोन सोडून) चार-पाच झाली की लावणी. त्याआधी आठवडाभर रोपं रोज थोडी जास्त वेळ उन्हावाऱ्यात ठेवा आणि पाणी जरा आवरतं घ्या, म्हणजे खोड कणखर होतं. टोमॅटो लावताना खालची पानं खुडून खोड मातीत खोल गाडायचं, त्या गाडलेल्या भागाला मुळं फुटतात. कोबी, मिरचीला मात्र असं करू नका.

नवी_माळीण · २३ ऑक्टोबर

बीजवेडादादा, हे प्रिंट काढून ठेवतेय. स्वयंपाकघरातले धणे आणि मेथी पेरले तर चालतात का?

बीजवेडा · २३ ऑक्टोबर

मेथी आरामात उगवते. धणेही, फक्त ताजे आणि न भाजलेले हवेत. अख्ख्या धण्यात दोन बिया असतात. कापडावर पसरून लाटण्याने हलक्या हाताने फोडा, रात्रभर भिजवा, मग पेरा. आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही, धीर सोडून कुंडी उकरू नका.

आणि मेथीचा खास मुंबईचा प्रकार करून बघा. बाजारात चिमुकल्या जुड्या मिळतात ती समुद्रमेथी, किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत घेतात. उथळ ट्रेमध्ये रेती आणि थोडं खत, वर मेथीदाणे अगदी दाट. दोन आठवड्यांत मुळासकट उपटून खायला तयार. उन्हाची फारशी मागणी नाही. मासळीवाल्याकडचे थर्माकोलचे खोके दोनतीनदा स्वच्छ धुऊन यासाठी झकास होतात.

ठाणे_टेरेस · २९ ऑक्टोबर

गिरगावकर काकांच्या एका मुद्द्याला माझा विरोध आहे. कोकोपीट एवढं जास्त नको. त्याला स्वतःचा कस नसतो. डिसेंबर-जानेवारीत वारा कोरडा झाला की ते वरून सुकलेलं आणि आत चिंब असतं, नवीन माणसाला पाण्याचा अंदाजच येत नाही. गच्चीवर वजनाची भीती नसेल तर निम्मी माती ठेवाच. टोमॅटो, वांग्याला मुळांशी थोडं वजन लागतं, नाहीतर फळं धरली की कुंडी वाऱ्याने कलते.

आणि फ्लॉवरबद्दल. गेल्या वर्षी इथे कितीतरी जणांनी लिहिलं होतं की पानं भरपूर पण गड्डा नाही. यात माणसाचा नाही, वाणाचा प्रश्न असतो. फ्लॉवरचे वाण हंगामावर बेतलेले आहेत. स्नोबॉल गटातल्या उशिराच्या वाणांना गड्डा धरायला १०-१६ अंशांची थंडी लागते, ती मुंबईला मिळायची नाही. लवकरच्या गटातले, उदाहरणार्थ पुसा मेघना, २०-२७ अंशांत गड्डा धरतात. पाकिटावरचा फोटो बघून घेऊ नका, वाणाचं नाव वाचा. क्रॉफर्ड मार्केटच्या बियांच्या दुकानांत नाव सांगून मागता येतं. गाजराचंही तसंच. नान्टेस थंडीचं, आपल्या हवेला पुसा रुधिरासारखं लाल देशी वळणाचं बरं. कुंडी निदान फूटभर खोल हवी.

गिरगावकर · २९ ऑक्टोबर

ठाण्याची गच्ची आणि चाळीची गॅलरी यांचं प्रमाण एक असू शकत नाही, एवढं मान्य करूया. पण कुंडी कलण्याचा मुद्दा बरोबर आहे. टोमॅटोला लावणीच्या दिवशीच काठी रोवावी, मागाहून रोवली की मुळं तुटतात.

वसईची_मावशी · ८ नोव्हेंबर

सगळे नवीन पेरण्याचं बोलताय, जुन्या कुंड्यांकडेही बघा गं बाळांनो. तुळशीचं लग्न झालं की मी पहिल्यांदा तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या काढते, थोड्या बियांसाठी ठेवते. मंजिरी तशीच राहिली की तुळस काटकुळी होते.

गुलाबाची छाटणी राहिली असेल तर आता करून टाका. छाटल्यापासून साधारण दीड महिन्यांनी फुलं येतात, म्हणजे नाताळात. पेन्सिलीपेक्षा बारीक आणि आत वळलेल्या फांद्या काढायच्या, काप बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या वर, तिरका.

मोगऱ्याला आत्ता हात लावू नका. तो विसाव्याला चाललाय, पाणी हळूहळू कमी करा. जानेवारीच्या उत्तरार्धात सगळी पानं काढून निम्म्यावर छाटायचा, वरची माती उकरून शेणखत भरायचं आणि मग पाणी वाढवायचं. होळीच्या आसपास कळ्या बघा.

हळदीची पानं पिवळी पडायला लागतील. रोग नाही तो. पाणी तोडा, पानं पूर्ण वाळू द्या, मग कुंडी उपडी करा. पौष-माघात ओल्या हळदीचं लोणचं होतं. दोनतीन जाड कंद राखेत घोळवून ठेवा, मे महिन्यात परत लावायला. फुटबॉल लिली आणि कॅलेडियमही असेच गुडूप होतात. रिकामी कुंडी समजून त्यांची माती दुसरीकडे वापरू नका. चिठ्ठी लावून सावलीत सारून द्या.

अडेनियमला आठवड्यातून एकदा पाणी पुष्कळ झालं.

लिंबाचं झाड कुंडीत असेल आणि अंगाने चांगलं भरलेलं असेल तर डिसेंबरअखेर थोडा ताण द्यायचा. पानं जराशी मलूल होईपर्यंतच पाणी थांबवायचं, मग खत घालून भरपूर पाणी. आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा बहार, असाच धरतात. पण कुंडीत हे फार जपून, जमिनीतल्या झाडासारखं आठवडेच्या आठवडे कोरडं ठेवलं तर झाड जाईल.

दादरची_खिडकी · ९ नोव्हेंबर

मावशी, किती छान लिहिलंत! माझी पॉइनसेटिया गेली दोन वर्षं हिरवीच राहतेय. पाणी, खत, ऊन, सगळं नीट. लाल का होत नाही?

तिसरा_मजला · ९ नोव्हेंबर

रात्री बाल्कनीत दिवा असतो का? किंवा समोर रस्त्यावरचा खांब?

दादरची_खिडकी · ९ नोव्हेंबर

बाल्कनीतली ट्यूब अकरापर्यंत चालू असते, आणि त्यानंतर रस्त्याचा एलईडी.

तिसरा_मजला · ९ नोव्हेंबर

मग तेच कारण. पॉइनसेटियाची वरची पानं लांब, अखंड काळोखाच्या रात्रींनी लाल होतात. आतापासून आठ आठवडे रोज संध्याकाळी सहा ते सकाळी आठपर्यंत तिच्यावर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला, दिवसा पूर्ण ऊन द्या. मध्ये एखाद्या रात्रीही खोकं विसरू नका. शेवंतीचंही असंच आहे, दिव्याखालची शेवंती कळ्या धरायला रेंगाळते. बाजारातून आणलेल्या शेवंतीला कळ्या आधीच असतात म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही.

नवी_माळीण · १८ नोव्हेंबर

पालक उगवला! पण आज सकाळी बघते तर कबुतरांनी अर्धा वाफा उपसून टाकलाय आणि कोथिंबिरीच्या कुंडीत दोन काड्या आणून ठेवल्यात. खूप वाईट वाटतंय. सोसायटीत कुणीतरी त्यांना रोज दाणे टाकतं.

कुंडीवाली · १८ नोव्हेंबर

काड्या दिसल्या की त्याच दिवशी काढायच्या. एकदा अंडी पडली की दीड महिना ती कुंडी तुझी राहत नाही. पूर्ण बाल्कनीला जाळी बसवणं हा खात्रीचा उपाय, पण तोपर्यंत कुंडीच्या कडेने नारळाच्या झाडूचे हीर वीतभर उंचीचे, दोनदोन बोटांवर खोचून दे. कबुतराला उतरायला मोकळी जागा लागते, ती मिळाली नाही की ते निघून जातं. पेरलेल्या ट्रेवर भाज्यांची जाळीची पिशवी ताणून बसव, दोन पानं होईपर्यंत ठेव. चकचकीत सीडी वगैरे चार दिवस चालतं, मग त्यांना सवय होते.

पालक परत पेर. अजून भरपूर वेळ आहे, आणि यापुढे दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा पेरत जा. सगळं बी एकाच दिवशी पेरलं की एक आठवडा रोज पालक आणि मग रिकामी कुंडी.

ठाणे_टेरेस · १२ डिसेंबर

कीड सुरू झाली. मिरचीची कोवळी पानं वर वळून चुरडायला लागली असतील तर पांढऱ्या कागदावर फांदी झटका, बारीक पिवळसर फुलकिडे पळताना दिसतील. पानाखाली बारीक जाळं आणि पानावर फिकट ठिपके असतील तर लाल कोळी. त्याला कोरडी हवा आवडते, रोज सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी निम्मा आटोक्यात येतो. मावा आणि पिठ्या ढेकणाला निंबोळी तेल, लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली आणि साबणाचे दोनतीन थेंब, चांगलं घुसळून, ऊन उतरल्यावर. दर सात-आठ दिवसांनी असं तीनदा तरी करा, एकदा मारून थांबलात तर अंड्यांतून नवीन निघतात.

घेवडा, झिनिया, कॉसमॉसवर पांढरी पूड दिसली तर भुरी. एक भाग दूध, नऊ भाग पाणी सकाळी फवारा आणि दाटीतली पानं काढा.

आणि धूळ! आमच्याकडे तीन बाजूंनी बांधकामं चालू आहेत, पानांवर राखाडी थर बसतो. पाऊस नसल्यामुळे तो आपल्यालाच धुवावा लागतो. धुळकट पानाला ऊन कमी पोचतं आणि कोळीही तिथेच माजतो. आठवड्यातून एकदा आंघोळ घाला, पण सकाळी, म्हणजे दुपारपर्यंत पानं सुकतात.

गिरगावकर · १३ डिसेंबर

धुतलेलं पाणी खालच्या मजल्यावर पडणार नाही हे बघा, मुंबईत निम्मी भांडणं यावरूनच होतात. कुंडीखाली ताटली ठेवा आणि ती आठवड्यातून एकदा कोरडी करून घासा, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास होतो. आरओचं वाया जाणारं पाणी रोपांना घालू नका, क्षार साठून पानांच्या कडा करपतात. ते लादी पुसायला वापरा.

दादरची_खिडकी · ४ जानेवारी

टोमॅटोला फुलं आहेत पण फळ धरत नाहीये. अकरावा मजला, मधमाश्या फारशा येत नाहीत. दोन फळं धरलीत, त्यातल्या एकाचं बूड काळं पडलंय. (पॉइनसेटियाची वरची चार पानं लाल झाली आहेत, तिसरा_मजला यांचे मनापासून आभार!)

बीजवेडा · ४ जानेवारी

टोमॅटोला मधमाशी नसली तरी चालते, फूल स्वतःच्याच परागांनी फळतं, फक्त हलायला हवं. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, परागकण सुके असताना, फुलांच्या घोसाच्या देठाला बोटाने टिचक्या मारा. जुना इलेक्ट्रिक टूथब्रश असेल तर मागची बाजू दोन सेकंद लावा. काकडी, दुधी, भोपळा यांची गोष्ट वेगळी, तिथे नराचं फूल तोडून मादी फुलावर टेकवावं लागतं.

काळं बूड म्हणजे फळापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही. बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं, पाणी अनियमित पडलेलं असतं. एक दिवस कोरडं ठणठणीत, दुसऱ्या दिवशी बादलीभर, असं करू नका. मातीवर वाळक्या पानांचं दोन बोटं जाड आच्छादन घाला. बदामाची पानं आता लाल होऊन गळायला लागतात, सोसायटीच्या झाडूवाल्या मावशींना सांगून ठेवा, पोतंभर मिळतील. जाळू देऊ नका ती.

नवी_माळीण · १४ जानेवारी

काल भोगी झाली. पालक आणि मुळा घरचे होते! भाजीत मुळा घातला, पालकाची वेगळी ताकातली भाजी केली. वाल लावला होता पण त्याला अजून फुलंच आहेत. सासूबाईंनी बाजरीच्या भाकरीवर तीळ लावता लावता विचारलं की पुढच्या वर्षी वांगी लावशील का. वाल उशिरा का आला असेल?

वसईची_मावशी · १४ जानेवारी

शाब्बास पोरी! वालाचे पुष्कळसे जुने वेल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत, कितीही खत घाला. तू नोव्हेंबरात पेरलास म्हणून आता फुलं. तीन-चार आठवड्यांत शेंगा भरतील, पोपटीच्या दिवसांत. पुढच्या वर्षी गणपती झाले की पेर. नाहीतर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं कोकण भूषण हे वालाचं वाण मिळालं तर बघ, ते दिवस लहान होण्याची वाट बघत नाही. वांग्याला उन्हाचा प्रश्न आहे तुझ्याकडे, सासूबाईंना आधीच सांगून ठेव. गच्चीवर जागा मिळाली तर ऑगस्टअखेर बी टाक, चंपाषष्ठीपर्यंत भरताचं वांगं नक्की.

कुंडीवाली · २ फेब्रुवारी

राणीच्या बागेतलं महापालिकेचं झाडा-फुलांचं प्रदर्शन चुकवू नका. हिवाळ्याच्या याच शेवटच्या टप्प्यात भरतं, तारीख वर्तमानपत्रात येते. कुंडीतल्या भाज्यांचा विभाग नीट बघा. कुणी कुठल्या आकाराच्या कुंडीत काय घेतलंय ते पाहून जितकं कळतं तितकं वाचून कळत नाही.

आता पेरायचं ते उन्हाळ्याचं: भेंडी, गवार, दुधी, काकडी, लाल माठ. कोबी-फ्लॉवर नवीन लावू नका. कोथिंबीर यापुढे लगेच फुलावर येईल. आलेली फुलं राहू द्या, मधमाश्या आणि मावा खाणारे ढालकिडे तिथे येतात, आणि धणेही धरतात.

दादरची_खिडकी · ३ फेब्रुवारी

टोमॅटो छान आले. यातल्याच एकाचं बी पुढच्या वर्षी धरता येईल का? पाकिटावर एफ-१ लिहिलंय.

बीजवेडा · ३ फेब्रुवारी

एफ-१ म्हणजे संकरित. बी उगवेल, पण रोपं आई-बापांच्या गुणांत विखुरतील, हेच फळ मिळेल असं नाही. बी धरायचं तर देशी किंवा सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचं धरा. माझ्याकडे एका गावठी आंबट टोमॅटोचं बी आहे, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, पोस्टाने पाठवतो.

धरायची पद्धत अशी: वेलीवरच पूर्ण पिकलेलं, निरोगी झाडाचं फळ घ्या. गर बियांसकट वाटीत काढून थोडं पाणी घाला, दोन दिवस आंबू द्या. वर फेस येतो आणि बियांभोवतीचा बुळबुळीत पडदा सुटतो. मग चाळणीत खळखळून धुवा, तरंगणाऱ्या बिया फेकून द्या. राहिलेल्या ताटलीत पसरून सावलीत वाळवा. कागदावर वाळवू नका, चिकटून बसतात. पूर्ण वाळल्या की कागदी पुडीत, वर वाणाचं नाव आणि महिना लिहून, घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये. पावसाळ्यातली मुंबईची दमट हवा बियांची सगळ्यात मोठी शत्रू आहे, बाहेर कपाटात ठेवलेलं बी ऑक्टोबरपर्यंत निम्मं मेलेलं असतं.